गच्चीवर वाळवण, शिवारात नरवाई : धुराच्या दिवसांत उन्हाळी कामं घरात कशी उरकायची?

देवास / धार : होळी झाली की माळव्यातल्या मराठी घरांत उन्हाळी कामांची बोलणी सुरू होतात. बटाटे किती किलो आणायचे, कुरडयांचा गहू कधी भिजत घालायचा, पापड लाटायला कोण कोण येणार. मार्चच्या शेवटापासून गच्च्यांवर जुनी धोतरं आणि साड्या पसरलेल्या दिसतात. नेमक्या त्याच दिवसांत गहू निघतो, शिवारात हार्वेस्टर फिरतो आणि मागे उरलेल्या खुंटांना काडी लागते. संध्याकाळी क्षितिजावर लाल रेघ दिसते. सकाळी वाळवण बघायला वर गेलं की बटाट्याच्या किसावर काळे, हलके तुकडे पडलेले असतात. बोट लावलं की चुरा होतो आणि पांढऱ्या किसावर काजळीची रेघ उठते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना 'नरवाई' हा शब्द कदाचित नवा असेल. मध्य प्रदेशात पीक कापल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या काडाला, खुंटांना नरवाई म्हणतात. आपल्याकडं ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, तसाच हा प्रकार, फक्त गव्हाचा आणि कितीतरी मोठ्या क्षेत्रावरचा. हार्वेस्टर ओंबी वरच्यावर घेतो, खाली वीत-दीड वीत काड तसंच राहतं. ते काढायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. देवास जिल्ह्याच्या खातेगाव-कन्नौद भागात, नर्मदेच्या बाजूला, पाणी असलेले शेतकरी गव्हानंतर लगेच उन्हाळी मूग पेरतात. त्यांना शेत आठवड्याभरात मोकळं हवं असतं. वरच्या पठारावर मात्र पुढची पेरणी थेट जूनमध्ये सोयाबीनची. तिथं घाई कसली, हा प्रश्न रास्त आहे, पण काडी तिथंही लागते.

धूर एवढाच नाही. फेब्रुवारी ते जून हा जंगलातल्या वणव्यांचाही काळ. धारच्या कुक्षी-बाग पट्ट्यात आणि देवासच्या बागली-उदयनगरकडच्या डोंगरात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. वारा असला की ती आग पुढं सरकते. देवास शहराची हवा तशीही फार चांगली नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मध्य प्रदेशातली जी मोजकी शहरं हवेचं प्रमाण न पाळणारी म्हणून घेतली आहेत, त्यांत भोपाळ, इंदूर, उज्जैनबरोबर देवासही आहे.

याच देवासला १९४८ साली एक तरुण गायक आला होता, तो इथल्या हवेसाठी. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं होतं आणि कोरड्या हवेत राहा असा सल्ला मिळाला होता. पुढची काही वर्षं त्यांचं गाणं बंदच होतं. ते उठून पुन्हा मैफलीत गायले आणि शेवटपर्यंत देवासचेच राहिले. ज्या गावाची कोरडी हवा फुप्फुसांसाठी औषध मानली जायची, तिथं आता एप्रिलमध्ये दम्याचा पंप उशाशी घेऊन झोपणारी माणसं आहेत. आणि उन्हाळी कामं करणारी बाई तर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्याच गच्चीवर असते.

नियम आहेत, पण हवा वाट बघत नाही

नरवाई जाळायला मध्य प्रदेशात बंदी आहे. दोन एकरांपर्यंत अडीच हजार, दोन ते पाच एकरांना पाच हजार आणि त्यावर पंधरा हजार रुपये, असा प्रत्येक घटनेमागं दंड ठरलेला आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी आणखी कडक पाऊल जाहीर केलं : १ मेपासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे मिळणार नाहीत आणि त्याचा माल पुढच्या वर्षी हमीभावानं खरेदी होणार नाही. स्ट्रॉ रीपरनं भुसा करता येतो, सुपर सीडरनं खुंटांतच पेरता येतं. भुशाला दूधवाल्यांकडून मागणी आहे. तरी उपग्रहांच्या नोंदींत गव्हाचं काड जाळण्यात मध्य प्रदेश गेली काही वर्षं सगळ्यांच्या वर दिसतो.

हे सुटेल तेव्हा सुटेल. यंदाचा गहू भिजलेला असतो, झाडावरच्या कैऱ्या वाऱ्यानं पडायला लागलेल्या असतात आणि परसातला शेवटचा टोमॅटो लाल झालेला असतो. त्याचं काय करायचं, हा प्रश्न घरातल्या घरात सोडवावा लागतो.

धूर कधी असतो, कधी नसतो

काडी साधारण दुपारनंतर, संध्याकाळी लावतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि धुराला वर जायला वाट राहत नाही. तो गल्लीत, अंगणात, गच्चीवर तसाच बसतो. म्हणून पहाटेचा 'ताजा वारा' या दिवसांत बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असतो. सूर्य वर आला, जमीन तापली की हवा उसळते आणि दहा-अकरानंतर धूर विरळ होतो. खिडक्या उघडायच्या त्या तेव्हा, सकाळी सहाला नाही. दिवेलागणीच्या आधी पुन्हा बंद.

डोळ्यांना दिसतो तो धूर, पण त्रास देतो तो न दिसणारा कण, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक. भारतात याचं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. रुमाल, पदर, ओढणी यांनी तो अडत नाही. गच्चीवर जावंच लागलं तर एन-९५ मास्क नाकावर नीट बसवून जावं. मोबाइलवर जवळच्या केंद्राचा हवेचा आकडा दिसतो, पण शेजारच्या शिवारात काडी लागली असेल तर तो आकडा तुमच्या गच्चीचा नसतो. नाकावर आणि समोरच्या टेकडीवर जास्त भरवसा ठेवावा. देवासला माताजीची टेकडी धूसर दिसली की वाळवण वर न्यायचं नाही, इतका साधा हिशेब पुरतो.

वाळवणाला ऊन लागतं की हवा?

दोन्ही, पण माळव्यात हवा जास्त कामाची. पदार्थातलं पाणी बाहेर पडतं ते भोवतीची हवा कोरडी आणि हलती असली तर. ऊन त्याला जोर देतं, एवढंच. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेत आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. एवढ्या कोरड्या हवेत बंद खोलीतही पंख्याखाली वाळवण वाळतं. जळगाव-धुळे-बुऱ्हाणपूरकडंही हे जमेल. कोकण-गोव्यात हाच प्रयोग केला तर तिसऱ्या दिवशी बुरशी येईल, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये.

उडदाचे पापड तर मुळात सावलीतच वाळवायचे असतात, कडक उन्हात ते तडकतात. मेथी आणि पुदिना सावलीत जास्त हिरवे राहतात. म्हणजे यांना आत आणणं ही तडजोड नाहीच, उलट बरंच.

बटाट्याचे वेफर आणि किस यांना थोडी तयारी लागते. माळव्याचा बटाटा चिप्स करणाऱ्या कंपन्या आवर्जून घेतात, कारण त्यात पाणी कमी आणि घट्ट भाग जास्त. घरच्या वाळवणालाही तोच गुण उपयोगी पडतो. काप पातळ आणि एकसारखे करावेत, दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिठूळ पाणी काढावं, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं अर्धकच्चे शिजवावेत. मग चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. खरी चूक होते ती इथंच : ओलेच काप पसरले की खालच्या बाजूला बुळबुळीत होतात. सुती कापडावर एकेक सुटा ठेवून वर छताचा पंखा, शिवाय जमिनीवर एक टेबलफॅन आडवा लावावा. पहिल्या चार तासांत एकदा उलटावेत. दोन दिवसांत काप वाकवला की 'टक' करून मोडला पाहिजे. नुसता वाकत असेल तर अजून वेळ आहे.

खाटेच्या नवारीवर किंवा लोखंडी पलंगाच्या जाळीवर कापड पसरलं तर खालूनही हवा लागते आणि वेळ बराच वाचतो. कित्येक घरांत माळ्यावर जुना पलंग पडून असतोच.

कूलरचं मात्र सांभाळावं. माळव्यात एप्रिलमध्ये कूलर सुरू होतो आणि तो दोन्हीकडून घात करतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे धूर घरात आणतो. वर ती हवा ओली करतो, म्हणजे वाळवण वाळत नाही. वाळवणाची खोली वेगळी ठेवावी आणि तिथं कूलर नको. बाहेर धूर दाट असेल तेव्हा बाकी घरातलाही कूलर बंद ठेवलेला बरा. पण घर बंद ठेवून आजी-आजोबांना उकाड्यात बसवणं हाही शहाणपणा नाही. चाळीस अंशांत उष्माघात धुरापेक्षा लवकर गाठतो. अशा वेळी घरातली सगळ्यात थंड खोली त्यांना द्यावी, ओल्या कापडानं अंग पुसावं, पाणी-पन्हं चालू ठेवावं.

कुरडया आणि सांडगे यांच्या बाबतीत हट्ट करू नये. दोन्ही जाड, आतून ओले. खोलीत पहिल्या दिवशी आंबण्याची भीती असते. त्यांना स्वच्छ दुपारच हवी. गहू तीन दिवस भिजतो, म्हणून तारीख आधी ठरवावी लागते, आणि धूर काही विचारून येत नाही. चीक निघाला आणि हवा बिघडली तर तो झाकून फ्रिजमध्ये एक दिवस थांबतो, त्याहून जास्त थांबवला तर आंबट होतो. तिसरी वाट म्हणजे त्याच चिकाच्या पातळ पापड्या घालणं. त्या पंख्याखाली निभावतात. कुरडयांची मजा त्यात नाही, पण चीक वाया जात नाही.

'वर मलमल टाकली की झालं' असं पुष्कळ जण म्हणतात. मलमलीनं काजळीचे तुकडे आणि माश्या अडतात. धूर अडत नाही, आणि ओल्या पदार्थाला धुराचा वास पटकन लागतो. एकदा लागला की तळल्यावरही जात नाही.

परसातला माल आधी धुवायचा

राख पडलेला भाजीपाला फेकायची गरज नसते. गवताच्या राखेचा थर वरवर असतो. वाहत्या पाण्यात हातानं चोळून धुवावा, पालेभाजी दोन-तीन भांडी पाणी बदलून. बाहेरची जुनी पानं काढून टाकावीत. कैरी सोलणारच असाल तर सोलण्याआधी धुवावी, नाहीतर सुरीबरोबर राख आत जाते. लोणच्याच्या फोडींना राख राहू नये याचं आणखी एक कारण आहे. राख क्षारधर्मी असते आणि लोणचं टिकतं ते आंबटपणावर. कांदा, लसूण, बटाटा मात्र साठवणीपूर्वी धुवायचे नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसून जाळीच्या पिशवीत ठेवायचे, आणि कांदा-बटाटा एकत्र नको.

हे सगळं शेतातल्या काडाच्या धुराबद्दल आहे. धार जिल्ह्यात धुराचा विषय निघाला की पिथमपूर आठवतंच. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५च्या जानेवारीत तिथं आला, लोक रस्त्यावर उतरले, आणि चाचण्यांनंतर जूनअखेर तो जाळून संपवल्याचं जाहीर झालं. उत्सर्जन मर्यादेत होतं असं प्रदूषण मंडळाचं म्हणणं. कारखान्याच्या किंवा जळत्या प्लास्टिकच्या धुराला 'धुऊन घ्या' हे उत्तर नाही. तसा माल वाटला तर खाऊ नये.

उन्हाऐवजी चूल

वर्षभराचं टिकवायचं ते सगळं वाळवूनच टिकवायला हवं असं नाही. पाणी काढून घेणं हा एक उपाय, ते मिठानं, साखरेनं किंवा आंबटानं बांधून टाकणं हा दुसरा. धुराच्या आठवड्यात दुसऱ्याकडं वळलेलं सोपं.

कैरी यात सगळ्यात वर. उन्हात ठेवून करायचा छुंदा गुजरातकडून माळव्यात पुष्कळ घरांत रुळलाय, पण तोच किस साखरेबरोबर मंद आचेवर ठेवला तर तासाभरात साखरांबा होतो. एक वाटी किसाला एक ते दीड वाटी साखर. शिजून तयार झालेल्या पाकात साखर साधारण पासष्ट टक्क्यांवर गेली की बुरशीला जगायला पाणी उरत नाही. म्हणून 'गोड कमी घालू' म्हणणाऱ्यांनी साखर कमी घालावी, पण मग तो फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवावा. गुळांब्याचंही तेच.

खारातल्या कैऱ्यांना किंवा लोणच्याला गच्चीची गरजच नाही. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, एक रात्र झाकून, सुटलेल्या पाण्यासकट. तेल गरम करून पूर्ण गार केलेलं, आणि ते फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे. वर उघडी पडलेली फोड पहिली बुरसटते.

टोमॅटो उकडून, गाळून, आटवून ठेवावा. अर्ध्या लिटर रसाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा, कारण आजकालचे गोडसर टोमॅटो पुरेसे आंबट नसतात. मग बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भराव्यात, आमटीला एकेक काढता येते. हिरवे चणे, उरलेसुरले मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, पुसून फ्रीजरमध्ये. वीज वरचेवर जाणाऱ्या गावात मात्र फ्रीजरवर विसंबू नये.

लसणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. माळव्यात मार्च-एप्रिलला लसूण ढिगानं निघतो, भाव पडला की घरोघरी पोती येतात. मोबाइलवर एक कृती फिरते : सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवा, बरणी ओट्यावर ठेवा, वर्षभर टिकतात. हे करू नये. लसूण मातीतून येतो, त्याला आंबटपणा नाही, आणि तेलाखाली हवा पोचत नाही. बोट्युलिझमचा जंतू नेमक्या अशाच जागी वाढतो. त्याच्या विषाला वास नाही, रंग नाही, आणि ते स्नायू लुळे पाडतं. लसूण तेलात ठेवायचाच तर फ्रिजमध्ये आणि तीन-चार दिवसांपुरता. टिकवायचा तर गड्डे सुकवून वेण्या टांगाव्यात, पातळ काप पंख्याखाली वाळवावेत, किंवा मीठ आणि भरपूर लिंबाचा रस घालून लोणचं करावं. उकडलेल्या भाज्या हवाबंद बाटलीत भरून कपाटात ठेवणं हेही त्याच कारणानं धोक्याचं. त्या जंतूची बीजं साध्या उकळीत मरत नाहीत, त्याला १२० अंशांच्या आसपासची दाबाखालची उष्णता लागते. घरचा कुकर त्या कामासाठी मोजलेला नसतो.

घरातला धूर

खिडक्या बंद करून आत मिरच्यांची फोडणी दिली तर बाहेरच्या धुरापासून पळून काही मिळवलं नाही. तळण, भाजणं, तव्यावर मिरच्या परतणं यांतून बंद घरात बारीक कण झपाट्यानं चढतात. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचंही तसंच. दाट धुराच्या दिवशी कुकर, वाफ, उकड यांवर स्वयंपाक निभावावा. मसाल्याचं भाजणं, लोणच्याचं तेल तापवणं ही कामं अकरा ते तीनच्या वेळेत, खिडकी उघडून करावीत. एक्झॉस्ट पंखा लावला की तेवढीच बाहेरची हवा दाराच्या फटीतून आत येते, म्हणून तो फोडणीपुरता लावून बंद करावा. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात आडोसा करून ती बाहेर नेता आली तर उत्तम.

आठवडाभर हे सगळं आतल्या आत वाळलं, शिजलं, भरलं, तरी काम पुरतं संपत नाही. पंख्याखाली वाळलेलं कडेनं कडक आणि मधे किंचित ओलं राहू शकतं. म्हणून डब्यात दाबून न भरता आधी काचेच्या बरणीत सैल भरावं, आठ दिवस रोज एकदा हलवावं. आतल्या बाजूला दव दिसलं तर पुन्हा कापडावर पसरावं. मे महिन्यात नरवाई संपलेली असते, गच्ची मोकळी होते. तेव्हा एक कडक ऊन सगळ्यालाच दाखवून घेता येतं, मग घट्ट झाकणाचे डबे. माळव्यात पाऊस जूनच्या मध्याला दारात येतो, आणि पहिल्या सरीनंतर हवा ओली झाली की राहून गेलेला ओलावा कोणत्याच पंख्यानं निघत नाही.